जुनी सँट्रो आणि उद्यमनगरातलं बिनबोर्डाचं गॅरेज : चार स्टार, पाचवा का नाही ते खाली आहे

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सकाळी गाडी तिथं सोडून आले आणि येताना रिक्षातच टाइप करायला घेतलं. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे आणि जे कोल्हापुरात किंवा आसपास राहतात त्यांच्यासाठी आहे हे. नव्या गाडीवाल्यांनी वाचलं तरी चालेल, तुमची पण कधीतरी जुनी होणारच की.

आमची सँट्रो झिंग, २००६ ची, पप्पांनी नवी कोरी घेतलेली. १०८६ सीसी, चार सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, काटा १ लाख ३८ हजार किलोमीटरवर. २०२१ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पासिंग करून ग्रीन टॅक्स भरला, तेव्हा रजिस्ट्रेशन रिन्यूची फी सहाशे होती आणि एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली, तर पप्पा अजून त्या वाचलेल्या पैशांच्या आनंदात आहेत. २०२२ पासून गाडी माझ्याकडे आहे. सासर रत्नागिरीकडं असल्यामुळं महिना-दीड महिन्यातून आंबा घाट ठरलेला.

गॅरेज शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत आहे, बोर्ड नाही. म्हणजे होता, पत्र्याचा, गंजून पडला, परत लावला नाही. मालक साठीचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, हाताखाली दोन पोरं. लिफ्ट वगैरे काही नाही, जमिनीतला खड्डा आहे त्यात उतरून काम करतात. पण उद्यमनगरात असल्याचा फायदा असा की बोअरिंगवाला, क्रँक ग्राइंडिंगवाला, हेड फेसिंग करणारा, लेथवाला, सगळे चालत जायच्या अंतरावर. पुण्यात माझ्या भावानं फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते जड चाक) फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला दिलं तर चार दिवस लागले, इथं पोरगं खांद्यावर टाकून गेलं आणि चहा पिऊन होईपर्यंत घेऊन आलं.

पहिल्यांदा मी तिथं हौसेनं गेले नव्हते. पप्पा अधूनमधून जायचे पण मला वाटायचं हे त्यांचं आपलं जुनं वळण आहे, आपण बिलबिल देणाऱ्या, एसी वेटिंग रूमवाल्या ठिकाणी जावं. तर २०२२ च्या मे महिन्यात गाडीनं एक खोड धरली. अर्धापाऊण तास चालवली, ट्रॅफिकमध्ये अडकली, की बंद. सेल्फ मारतोय, इंजिन फिरतंय, पण धरत नाही. अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलं की काही झालंच नाही अशी चालू. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली (नाव नाही घेत, उगाच कशाला), तिथं नेली की शहाण्या मुलासारखी पहिल्या सेल्फला चालू व्हायची. त्यांनी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाड वाचायचं यंत्र) लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. मग म्हणाले फ्युएल पंप बदलू. ६८०० रुपये. आठव्या दिवशी परत बंद, तावडे हॉटेलजवळ, भर उन्हात, मागं सगळ्या एसट्या हॉर्न मारतायत. परत गेले तर म्हणाले ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलं असेल, आणि वर ‘मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो टेक्निकल’. मिस्टरांना स्टेपनी कुठं असते ते माहीत नाही. गाडी टो करून मामांकडं आणली.

मामांनी बॉनेट उघडलं पण नाही आधी. स्टुलावर बसवलं आणि चौकशी सुरू केली, अगदी जुने डॉक्टर करायचे तशी. ताई, थंड असताना पडते का गरम झाल्यावर? बंद पडायच्या आधी आचके देते, का बटण दाबल्यागत गप्पकन जाते? परत चालू व्हायला किती वेळ? पाऊस असला तर काही फरक? मी म्हटलं गप्पकन जाते. तर म्हणाले मग पेट्रोलचा विषय कमी वाटतोय, पेट्रोल कमी पडलं तर गाडी रडत रडत मरते, आचके देते, पिकअप सोडते. एकदम जाते तेव्हा करंटकडं बघायचं.

मग गाडी चालू करून एसी लावून गल्लीतच उभी केली आणि वाट बघत बसले. पन्नास मिनिटं. तेवढ्यात एका मारुतीचे ब्रेक लायनर बदलून झाले. पन्नासाव्या मिनिटाला गाडी गेली आणि मामा असे उठले जणू पाव्हणे आले. चावी ऑन करून मला मागच्या सीटपाशी कान लावायला सांगितलं, दोन सेकंद घुंऽऽ असा आवाज आला, म्हणजे पंप चालतोय (नवाच होता, ६८०० चा, चालणारच). एक प्लग काढून वायरला लावून बॉडीला टेकवला, पोराला सेल्फ मारायला सांगितला, ठिणगी नाही. इंजेक्टरला (इंजिनात पेट्रोल फवारतो तो) पण टेस्टर लावला, तो पण गप्प. इथं त्यांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणाले ‘करंट एकटा गेला असता तर कॉइल म्हटलं असतं, इंजेक्टर एकटा गेला असता तर त्याची वायर म्हटलं असतं, दोघं एकाच वेळी गप्प झाले म्हणजे दोघांना हुकूम देणाराच गप्प आहे.’ हुकूम देतं ईसीएम, पण ईसीएमला इंजिन फिरतंय हे कळायला लागतं आणि ते त्याला सांगतो क्रँक सेन्सर. स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम बघितला तर शून्य. इंजिन डोळ्यांसमोर फिरतंय आणि स्कॅनर म्हणतोय शून्य. गार पाण्यात फडकं भिजवून सेन्सरवर धरलं, दोन मिनिटं थांबले, सेल्फ मारला, गाडी चालू. गरम झाला की आतली वायंडिंग तुटते, गार झाला की जुळते, एवढाच विषय. सेन्सर अकराशे, मजुरी तीनशे.

तेव्हापासून कुणाची गाडी गरम झाल्यावर बंद पडते म्हटलं की मी ओल्या फडक्याची गोष्ट सांगत सुटते, ऑफिसमध्ये सगळे वैतागलेत. आणि एक, स्कॅनरवर कोड नाही म्हणजे आजार नाही असं नसतं. मी हौसेनं ऑनलाइन पाचशे रुपयांचा ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला होता, तो आमच्या गाडीला जोडतच नाही. आपल्याकडं ओबीडी-२ (सगळ्या गाड्यांना एकच स्कॅनर चालावा अशी पद्धत) सक्तीचं झालं ते २०१३ पासून, त्याआधीच्या गाड्यांत कुठं चालतो कुठं नाही, नशिबाचा भाग. पैसे वाया घालवू नका. मामांकडचा स्कॅनर जुना, जाडजूड, वायरला टेप गुंडाळलेला, पण त्याला जुन्या कोरियन आणि मारुती गाड्यांची भाषा कळते.

दुसरं मोठं काम क्लच आणि गिअरबॉक्सचं. २०२३ च्या दिवाळीत रत्नागिरीहून परत येताना साखरप्यापासून घाट चढायला लागले, तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी चढत नाही, आणि करपलेल्या भाकरीसारखा वास. कशीबशी दुसऱ्या गिअरवर आंबा गावापर्यंत आणली. आंब्याला चहाच्या टपरीवर एका जीपवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं गिअरबॉक्स गेला, पंचवीस हजार धरून चाला. रात्रभर झोप नाही.

मामांनी गल्लीत, सपाटीवर, हँडब्रेक पूर्ण ओढून, तिसरा गिअर टाकून, जरा रेस देऊन क्लच सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथल्या तिथं बंद पडायला पाहिजे. आमचं चालूच राहिलं, आरामात, न्यूट्रलला असल्यासारखं. म्हणजे प्लेट घसरतेय. ही टेस्ट घरी कुणीही करू शकतं, फक्त समोर भिंत किंवा माणूस नको, आणि सारखी सारखी करू नका, उरलीसुरली प्लेट पण जळेल. मग म्हणाले थांबा, पेडल बघू. क्लच पेडलला वर थोडा मोकळा प्ले लागतो, बोटभर तरी, तो आमच्याकडं अजिबात नव्हता. कुणीतरी (मी टायर बदलायला गेले होते तिथल्याच पोरानं, मला वाटतं, ‘क्लच लूज आहे मॅडम’ म्हणाला होता) केबल आवळून ठेवली होती. प्ले नसला म्हणजे आपण पेडलवर पाय न ठेवता सुद्धा क्लच थोडा दाबलेलाच राहतो, प्लेट घासत राहते. म्हणजे फुकटात केलेल्या सेटिंगनं प्लेट खाल्ली.

त्याच वेळी मी सांगितलं की न्यूट्रलला उभी असताना घरघर येते. मामांनी पेडल दाबलं, आवाज बंद. सोडलं, आवाज चालू. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे : पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि दाबल्यावर जातो तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, आणि उलट असेल म्हणजे दाबल्यावर आवाज येतो तर क्लचचं रिलीज बेअरिंग. रिलीज बेअरिंग क्लच सेटमध्ये येतंच, दुसऱ्यासाठी गिअरबॉक्स फोडावा लागतो. पण बॉक्स उतरवायचाच होता, मग सगळं एकाच मजुरीत उरकलं. इंजिनच्या मागच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील पण बदललं, ते दोनशे-अडीचशेचं रबर आहे पण फ्लायव्हीलच्या मागं बसतं, नंतर गळायला लागलं तर परत बॉक्स उतरवा, परत मजुरी. हे न सांगता बॉक्स चढवणारे खूप जण आहेत, सहा महिन्यांनी नव्या क्लचवर तेल आलं की परत गिऱ्हाईक हजर.

बॉक्स उघडल्यावर मला बोलावून दाखवलं. ड्रेन बोल्टच्या लोहचुंबकावर काळी पेस्ट होती, काजळासारखी. मी घाबरले. म्हणाले ही झीज, एवढ्या वर्षांत होणारच, पण बोटावर घेऊन चोळा, कण टोचतात का? टोचले असते, चकत्या किंवा तुकडे निघाले असते तर दात गेलेत असं धरायचं. टोचत नव्हते. आणि मग खरी परीक्षेची गोष्ट आली. आमच्या गाडीत सकाळी सकाळी दुसरा गिअर टाकताना कर्र करतं, दहा मिनिटं चालली की नाही करत. मला वाटलं बॉक्स उघडाच आहे तर आता म्हणतील सिंक्रो (गिअर अलगद पडायला मदत करणारी रिंग) बदला, स्लीव्ह बदला, हब बदला, आणि मी हो म्हटलं असतं, मला काय कळतंय. म्हणाले, ‘दुसऱ्याची सिंक्रो रिंग थोडी घासलीय ताई, पण अजून काढतीय दिवस. नवं तेल टाकतो, सकाळची पहिली दहा मिनिटं गिअर जरा सावकाश टाका, दमानं. ही गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरते, तिला एवढा खर्च कशाला?’ दोन वर्षं झाली, कर्र तेवढंच आहे, वाढलं नाही.

बिल झालं ९१५० : क्लच सेट, बेअरिंग, सील, फेसिंग, दोन लिटर गिअर ऑइल, मजुरी सगळं धरून. बिल म्हणजे वहीचं पान, पण जुने पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवले होते. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली होती.

टायमिंग बेल्टचं (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करवणारा रबरी पट्टा) पण तेव्हाच निघालं. मामांनी विचारलं बेल्ट कधी बदललाय, मला कुठलं माहीत. पप्पांना फोन लावला. इथं पप्पांच्या डायरीबद्दल सांगायला पाहिजे. पप्पा प्रत्येक गाडीची एक डायरी ठेवतात, तारीख, काटा, काय केलं, किती गेले, अगदी वायपर आणि चिंध्यासुद्धा. आम्ही भावंडं लहानपणापासून चेष्टा करायचो. तर डायरीत निघालं, २०१४, ७८ हजारला. म्हणजे नऊ वर्षं. मामांचा चेहराच बदलला. मामा साठ हजार किंवा पाच-सहा वर्षं यातलं जे आधी येईल ते धरतात, कारण रबर चालवलं नाही तरी वाळतं. आणि सँट्रोच्या या इंजिनात बेल्ट चालू गाडीत तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायची वेळ येते. बेल्ट आणि टेन्शनर बेअरिंगला अडीच-तीन हजारात भागतं, हेडचं काम पंधरा-वीसवर जातं. काढलेला बेल्ट त्यांनी उलटा वाकवून दाखवला, दातांच्या मुळाशी भेगा होत्या. मी आंबा घाट तसाच केला होता कितीतरी वेळा.

आता चुलत्यांच्या मारुती ८०० चं सांगते कारण त्यात मामांची खरी हातोटी दिसली. २००३ ची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली), गॅसवर चालवलेली बरीच वर्षं. काकांची तक्रार, मिसिंग मारतेय, थरथरते, चढाला दम नाही. त्यांना त्यांच्या गावात सांगितलं होतं इंजिन बसलं, रिंग-पिस्टन, बोअर, सगळं करावं लागेल. ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, मामांनी एकेका प्लगची वायर काढून बघितली, पहिली काढली इंजिन लडखडलं, दुसरी काढली लडखडलं, तिसरी काढली तर फरकच नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर कामच करत नव्हता. प्लग बदलून बघितला, वायर बदलून बघितली, तसंच. मग सगळे प्लग काढून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा) लावला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. पहिला १७० च्या आसपास, दुसरा १६५, तिसरा ९०. काका म्हणाले झालं, बसलंच इंजिन. मामा म्हणाले थांबा की पाव्हणं. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं आणि परत गेज लावला. ऑइलनं रिंगच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजतात, म्हणजे गळती रिंगमधून असेल तर काटा चांगला वर चढायला पाहिजे. तो ९५ झाला, बस. म्हणजे रिंगा ठीक आहेत, गळती वरून आहे, व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग (हेडखालचं गास्केट). कूलंटमध्ये बुडबुडे नव्हते, डिपस्टिकवर ताकासारखा फेस नव्हता, म्हणून पॅकिंगवरचा संशय गेला. हेड उतरवलं तर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेनं जळालेला, नखाएवढा तुकडा गेलेला. गॅसवर गाडी चालते त्यांनी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) वेळच्या वेळी चेक करायला पाहिजेत, व्हॉल्व्हची सीट, म्हणजे बैठक, खाल्ली जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. काकांनी एकदाही केलं नव्हतं. व्हॉल्व्ह बदलला, सगळे घासून बसवले, हेड फेसिंग, पॅकिंग, सहा हजारच्या आत. खालचं इंजिन उघडलंच नाही.

धुराचं पण त्यांचं शास्त्र आहे, थोडक्यात लिहिते. सकाळी पहिल्या सेल्फला निळा भपका आणि नंतर साफ असेल तर व्हॉल्व्ह सील. घाट उतरताना गिअरवर सोडलेली गाडी, मग खाली आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागं निळा भपका, तो पण बहुतेक सीलच, आरशात बघायचं. जोर लावला की सतत निळा धूर आणि तेल कमी होत जातंय तर रिंगा. पांढरा, गोडसर वासाचा, न थांबणारा, आणि कूलंट कमी होतंय तर हेड पॅकिंग, गाडी आहे तिथं थांबवा. थंडीत सकाळचा पांढरा म्हणजे नुसती वाफ, घाबरू नका. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

आता जिथं चुकले ते.

गेल्या वर्षी हिवाळ्यात गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं. १५ देणारी गाडी ११ वर आली. मी आधी पेट्रोलला दोष दिला, ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) झाल्यापासून सगळेच देतात, पण चार-चारनं नाही पडत त्यानं. मामांनी प्लग काढले, काजळी धरलेली, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थ्रॉटल बॉडी आणि आयडलचा व्हॉल्व्ह साफ केला, एअर फिल्टर बदलला. फरक नाही. दुसऱ्या खेपेला ऑक्सिजन सेन्सर बदलला, १९०० रुपये, म्हणाले हा नक्की. फरक नाही. मला खरंच राग आला होता, कारण हे तेच चाललं होतं जे त्या मोठ्या वर्कशॉपनं केलं, अंदाजानं पार्ट बदलत जायचं. तिसऱ्या खेपेला मी सहज बोलले की टेंपरेचरचा काटा आजकाल वर येतच नाही, घाट उतरताना तर पार तळाला जातो, गाडी किती थंड राहते बघा. कौतुकानं सांगितलं मी! मामा एकदम गप्प झाले. गार गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवून उभे राहिले. थर्मोस्टॅट असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि इंजिन तापलं, साधारण ८० अंशांच्या पुढं गेलं की मग व्हॉल्व्ह उघडतो आणि पाइप एकदम गरम होतो. आमचा पहिल्या मिनिटापासून कोमट कोमट होत गेला. हाऊसिंग उघडलं, आत थर्मोस्टॅटच नाही. कुणीतरी काढून टाकलेला. म्हणजे इंजिन कधी नीट तापतच नव्हतं आणि ईसीएम बिचारं गार इंजिन समजून पेट्रोल ओततच होतं, चोक ओढून गाडी चालवल्यासारखं. आम्ही उन्हाळ्यात जास्त फिरतो म्हणून आधी लक्षात आलं नसेल, त्या हिवाळ्यात रोजच्या रोज दोन किलोमीटर शाळा-बँक चालू झालं तेव्हा दिसलं.

मामा चिडले, कुणी काढला असला उद्योग करून, गाडी तापते म्हटलं की वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून फेकतात, मूळ दुखणं बघत नाहीत, वगैरे पाच मिनिटं. मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. पप्पांनी डायरी काढली. मे २०१९, काटा १ लाख ४ हजार, ‘गाडी तापते. रेडिएटर साफ, वॉल काढला. रु. ४५०.’ आणि पुढं गॅरेजचं नाव, म्हणजे मामांचंच.

दुसऱ्या दिवशी डायरी घेऊनच गेले. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग मोठ्या पोराकडं बघितलं, तो स्पॅनर शोधायला खड्ड्यात उतरला. काही बोलले नाहीत मामा, चहा सांगितला, आणि नवा थर्मोस्टॅट बसवून फक्त पार्टचे पैसे घेतले. ऑक्सिजन सेन्सरचे १९०० परत दिले नाहीत, मी पण मागितले नाहीत, अजून थोडं मनात आहे. अ‍ॅव्हरेज परत साडेचौदा. आणि आता तिथं प्रत्येक गाडीचं एक वहीचं पान असतं, काटा लिहून. काका सांगत होते त्यांच्या ८०० चं पण पान झालंय.

बाकीच्या तक्रारी. वेळ हा मोठा प्रॉब्लेम. उद्या म्हणजे परवा आणि परवा म्हणजे देव जाणे. फोन उचलत नाहीत, हात तेलाचे असतात हे मान्य, पण संध्याकाळी तरी. पार्ट ओरिजिनल घ्यायचा का साधा हे विचारतात, पण विचारल्याशिवाय किमतीतला फरक सांगत नाहीत, तुम्ही विचारा. गाडी धुळीत उभी राहते, परत मिळते तेव्हा सीटवर काळा हात हमखास, कव्हर घेऊन जा. जीएसटी बिल नाही, इन्शुरन्स क्लेमवाल्यांनी जाऊच नका. ऑटोमॅटिक गाडी किंवा नवीन डिझेल नेली तर तोंडावर सांगतात की हे आमचं काम नाही, मला तर हे चांगलंच वाटतं. बसायला एक स्टूल आणि एक उलटी बादली, बायकांसाठी बाथरूम नाही, शेजारच्या लेथवाल्यांच्या घरी सोय होते पण ती ओळखीवर. बोलतात मात्र माझ्याशी. मिस्टरांना एकदाही बोलावलं नाही, उलट एकदा हे सोबत आले होते तर मामा त्यांना म्हणाले तुम्ही बसा, ताईंना दाखवतो.

ई२० बद्दल विचारलं होतं, तर म्हणाले जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप बघून घ्या, कडक झालेत किंवा चिरा आहेत तर बदलून टाका, पाइप स्वस्त आहे, आग महाग आहे. आमचे दोन बदलले.

आज गाडी सोडलीय ती वेगळ्याच कामाला. गल्लीत पूर्ण वळवली की पुढच्या डाव्या चाकातून कट-कट-कट येतं. फोनवर आवाज रेकॉर्ड करून नेला होता, मामांनी ऐकलाच नाही, स्वतः खाली वाकले, जॉइंटवरचा रबरी बूट फाटलेला आणि ग्रीस सगळं रिमच्या आत उडालेलं. बाहेरचा एक्सल जॉइंट. बूट फाटला तेव्हाच बदलला असता तर काही शे रुपयांत झालं असतं, आता जॉइंटच घ्यावा लागणार, ही माझी चूक. परवा देतो म्हणालेत. आज मंगळवार आहे, मी शनिवार धरून चाललेय.